ब्रॉसार्डचा सेंटर फिल्डर

राजरत्न मेश्राम पहिल्यांदा आउटफिल्डमध्ये उभा राहिला तो तिथे बॉल येत नाही म्हणून. तेव्हा तो सात वर्षांचा असेल. उन्हाळ्यात ब्रॉसार्डच्या पार्कात मुलांचं बेसबॉल चालायचं. या पोराला बॅट धड धरता येत नाही हे कोचने पाहिलं आणि त्याला सगळ्यांच्या मागे, गवतात नेऊन उभं केलं. त्या वयाच्या मुलांचे फटके तिथवर पोचतच नाहीत. बाकीची मुलं तिथे कंटाळून खाली बसायची, गवत उपटायची. राजरत्न मात्र गुडघ्यांवर हात ठेवून तासभर बॅटकडे बघत राहिला. एकही बॉल आला नाही. परतताना गाडीत त्याने बापाला विचारलं, "बाबा, नेक्स्ट टाइम पण मला तिथंच ठेवतील ना?"

हे मला योगेशनेच सांगितलं होतं. योगेश मेश्राम म्हणजे राजरत्नचा बाप, माझा नागपूरपासूनचा दोस्त. आम्ही दोघं एकाच हिवाळ्यात मॉन्ट्रियलला उतरलो आणि पुढे नदीपलीकडे ब्रॉसार्डला दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं घेतली. योगेश विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत इन्स्पेक्शनला होता. त्याची बायको दीपा एका गार्डरीत, म्हणजे पाळणाघरात, लहान मुलं सांभाळायची आणि मुलांसारखंच फ्रेंच बोलायची. राजरत्न त्यांचा एकुलता एक.

आमच्या आंबेडकर मंडळात तीसेक कुटुंबं होती. जमलो की बोलणं फिरून फिरून मुलांच्या शिक्षणावर यायचं. त्यात नवल नाही. आमच्यातल्या बहुतेकांचे आजोबा अंगठा लावणारे होते आणि आम्ही डिग्रीच्या जोरावर इथवर आलो होतो. कुणाची मुलगी मॅकगिलला, कुणाचा मुलगा वॉटरलूला. योगेशला विचारलं, की तो म्हणायचा, "आमचा बेसबॉल खेळून राहिला." मग हसायचा, आणि ते हसणं थोडं ओढून आणलेलं असायचं.

पण पोरगा खरोखर चांगला होता. बाराव्या वर्षी तो सेंटर फिल्डर झाला. आउटफिल्ड म्हणजे मैदानाचा मागचा, गवताचा मोठा पट्टा. तिथे तिघे उभे राहतात: डावा, उजवा आणि मधला. मधला तो सेंटर फिल्डर. सगळ्यात जास्त पळायचं त्याने. दोघांच्या मधोमध उंच बॉल आला, तर तो कुणाचा हे ठरवायचंही त्यानेच. तो 'माझा' म्हणून ओरडला, की दुसऱ्याने बाजूला व्हायचं, कारण दोघेही मान वर करून पूर्ण वेगात पळत असतात. तिथे आवाजावर भरवसा ठेवावा लागतो.

अठराव्या वर्षी ओक्लाहोमातल्या एका कॉलेजने त्याला खेळाच्या स्कॉलरशिपवर बोलावलं. योगेश खूश झाला. खेळ का असेना, पण डिग्री मिळणार होती. किनेसिऑलॉजी घेतली होती, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र. तीन वर्षं नीट गेली. तिसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये एका मोठ्या अमेरिकन क्लबने त्याला निवडलं. ड्राफ्टच्या, म्हणजे क्लबांच्या वार्षिक निवडीच्या, अगदी शेवटच्या फेऱ्यांमध्ये, पण निवडलं. ताबडतोब फ्लोरिडाला हजर व्हायचं होतं.

योगेशने फोनवर एवढंच विचारलं, "एक वर्ष थांबता येणार नाही?"

"बाबा, दे वोन्ट वेट. आत्ता नाही म्हटलं तर परत कोणी विचारेल की नाही, माहीत नाही."

"डिग्रीला एकच वर्ष राहिलं रे."

"मी नंतर फिनिश करीन. प्रॉमिस."

योगेशने फोन दीपाच्या हातात दिला आणि तो बागेत गेला. त्यानंतर बरेच दिवस त्याने मंडळात राजरत्नचा विषय काढला नाही. आम्हीही टाळायचो. भीमजयंतीच्या कार्यक्रमात सगळ्यांची मुलं स्टेजवर असायची. राजरत्न नसायचा, कारण त्याचा सीझन बरोबर एप्रिलमध्येच सुरू व्हायचा.

व्यावसायिक बेसबॉल म्हटलं, की लोकांना टीव्हीवरचे झगमगते स्टेडियम दिसतात. त्याच्याखाली चार-पाच पायऱ्या आहेत, आणि निवडलेली बहुतेक मुलं त्या पायऱ्यांवरच संपतात. राजरत्न सगळ्यात खालच्या पायरीवर होता. एका अपार्टमेंटमध्ये सहा जण, जमिनीवर गाद्या, रात्रभर बसचा प्रवास, सकाळी दुसऱ्या गावात नाश्ता. त्याच्याबरोबरची मुलं डोमिनिकन, व्हेनेझुएलन, टेक्सासची. त्याचं नाव कुणाला म्हणता येत नसे. सगळे त्याला 'मेश' म्हणायचे.

फिल्डिंगमध्ये त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. बॅटला बॉल लागल्याचा आवाज येण्याआधीच त्याचं पहिलं पाऊल पडलेलं असे. अडचण बॅटिंगची होती. सरळ बॉल तो मारायचा, पण शेवटच्या क्षणी खाली वळणारा बॉल आला की बॅट हवेत फिरायची. तरी दरवर्षी थोडं थोडं करत तो एकेक पायरी चढला.

एकदा दीपा सुट्टी काढून एकटीच त्याला बघायला गेली. पेन्सिल्व्हेनियातलं कुठलंसं गाव. तिथे ती चार दिवस राहिली आणि चारही दिवस तो बाकावर बसून होता, एका सामन्यातही त्याला घेतलं नाही. बेसबॉलच्या एका सामन्यात छोट्या छोट्या नऊ इनिंग असतात. दोन इनिंगच्या मधल्या वेळात आउटफिल्डर हात गरम ठेवायला एकमेकांकडे बॉल फेकतात. त्यातल्या एकाला जोडीदार हवा म्हणून राजरत्न पळत मैदानात जायचा, दहा-बारा थ्रो करायचा आणि पळत परत यायचा. दीपाने तेवढंच पाहिलं. ती परत आल्यावर माझ्या बायकोने हळहळून विचारलं, "एवढं लांब जाऊन खेळताना नाहीच दिसला?"

"दिसला की," दीपा म्हणाली. "सगळ्यात आधी तोच पळत जायचा."

मग कोविड आला आणि तो सगळा उन्हाळा मैदानं बंद राहिली. राजरत्न घरी आला. बेसमेंटमध्ये भिंतीवर बॉल आपटून आपटून त्याने दीपाचं डोकं उठवलं. शेवटी एका संध्याकाळी योगेशच म्हणाला, "चल, मी घेतो कॅच."

पार्कात टेप लावून बाकं बंद केलेली होती, पण गवतावर कुणी अडवत नव्हतं. योगेशने तोपर्यंत कधी ग्लव्ह घातला नव्हता. पहिल्या आठवड्यात त्याचा तळहात सुजला. दीपा ओरडली, तरी तो जायचा. हळूहळू त्याला जमायला लागलं. राजरत्नने त्याला बॉल उंच उडवायला शिकवलं, आणि मग योगेश बॅटने बॉल उडवायचा, राजरत्न पळायचा. मी दोन-तीनदा गेलो होतो बघायला. योगेश माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "पाय बघ त्याचे. बॉल वर जाण्याआधी पाय निघतात." पोरगा काय करतो हे बापाला पहिल्यांदा नीट कळलं ते त्या उन्हाळ्यात. डिग्रीची गोष्ट त्या दिवसांत निघाली नाही.

त्यानंतरच्या वर्षी राजरत्न सगळ्यात वरच्या लीगच्या फक्त एक पायरी खाली पोचला. योगेशने मंडळात पेढे वाटले. इथे पेढे कुठले, दीपाने मिल्क पावडरचे केले होते. आम्ही सगळे रात्री त्याचे सामने कॉम्प्युटरवर लावून बसायचो. बेसबॉल कळत नव्हतं, पण 'मेश्राम' हे नाव स्क्रीनवर आलं, की पृथ्वीराज नावाचे आमचे एक रिटायर्ड गृहस्थ टाळ्या वाजवायचे.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच्या तोंडावर बॉल बसला.

तो आम्ही लाइव्ह पाहिला. ताशी दीडशे किलोमीटरने आलेला बॉल पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, हातातून सुटला आणि हेल्मेटची कड चुकवून डाव्या डोळ्याखाली लागला. राजरत्न गुडघ्यांवर बसला. पडला नाही, तसाच बसून राहिला, आणि मातीवर रक्त पडताना दिसलं. दीपाने लॅपटॉप बंद केला. योगेशने त्याच रात्री गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो हॉस्पिटलमध्ये पोचला.

गालाचं हाड मोडलं होतं. ते प्लेट घालून जोडलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला मार बसला होता आणि त्याचंही ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नजर बरीचशी परत येईल. आली, बरीचशी. भिंतीवरची अक्षरं त्याला वाचता येत होती. मार्चमध्ये तो फ्लोरिडाला ट्रेनिंगला गेला. पंधरवड्याने मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. तिथे बोलणं फार चालत नाही. क्लब त्याला सोडत होता. मॅनेजरने हात मिळवला. राजरत्नने लॉकर रिकामा केला, आणि बाकीची मुलं प्रॅक्टिसला निघालेली असल्यामुळे निरोप घ्यायलाही कुणी नव्हतं.

तो घरी आला आणि बेसमेंटमध्ये झोपून राहिला. जेवायला वर यायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि परत खाली. दीपाला वाटलं, योगेश आता काहीतरी बोलेल, डिग्रीचं काढेल. एका रविवारी योगेश खाली गेला आणि त्याच्या पलंगाच्या कडेला बसला.

"बर्फ पडून राहिला," तो म्हणाला. "मला एकट्याने शोव्हल होत नाही आता."

दोघांनी मिळून ड्राइव्हवे साफ केला, मग शेजारच्या म्हातारीचाही केला. त्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी राजरत्न स्वतः होऊन वर आला आणि म्हणाला, "बाबा, क्युबेकमध्ये एक टीम आहे, इंडिपेंडंट लीगची. ते मला घेतील."

"खेळावंसं वाटते?"

"हो."

"मग जा ना."

इंडिपेंडंट लीग म्हणजे मोठ्या क्लबांशी संबंध नसलेली. तिथे जुनं लाकडी स्टेडियम, आणि सगळं गाव सामन्याला. संघाचं नाव होतं हेरॉन, नदीकाठी उभा राहणारा बगळा. ब्रॉसार्डपासून गाडीने दीड तास. राजरत्न फ्रेंच शाळेत शिकलेला, त्यामुळे गावात तो लगेच रुळला. देपानेरवाला, म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, त्याला कॉफी फुकट द्यायचा. सेंटर फिल्डच्या मागच्या स्टँडमध्ये काही म्हाताऱ्या बायका लोकर विणत बसायच्या. त्या त्याला 'मों पती' म्हणायच्या, म्हणजे 'माझं बाळ'. डाव्या बाजूला गास्पेकडचा झाव्हिए नावाचा खेळाडू होता, लाल दाढीचा, लहान मुलगी असलेला. दोघांची चांगली जोडी जमली. योगेश आणि दीपा दर शनिवारी जायचे, आणि त्यांच्या गाडीत जागा असली की मीही.

दुसऱ्या वर्षी हेरॉन फायनलला पोचले. पाच सामन्यांची मालिका, पहिल्या तीनपैकी दोन ते हरले होते. चौथा सामना शनिवारी संध्याकाळी होता आणि मी तिथे होतो. सप्टेंबरमधली ती वेळ अशी असते, की सूर्य गेलेला असतो, दिवे लागलेले असतात, पण आकाश अजून काळं झालेलं नसतं, राखाडी असतं. त्या राखाडीत बॉल उंच उडाला. साधाच बॉल होता. राजरत्न 'माझा' म्हणून ओरडला, झाव्हिए थांबला. आणि मग राजरत्नचे पाय भलत्याच दिशेला गेले. तो एकदम वळला, ग्लव्ह वर केला, आणि बॉल त्याच्या मागे दहा फुटांवर पडला. झाव्हिएने धावत जाऊन तो उचलला, जोरात फेकला, आणि दुसऱ्या टोकाला माणूस बाद झाला. लोकांनी झाव्हिएसाठी टाळ्या वाजवल्या. हेरॉन जिंकले, मालिका दोन-दोन झाली. झालेली चूक सगळे विसरून गेले.

योगेश विसरला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

त्या रात्री आम्ही राजरत्नच्याच अपार्टमेंटमध्ये राहिलो. सकाळी दीपा पोहे करत होती. राजरत्न बूट साफ करत बसला होता.

योगेशने विचारलं, "काल बॉल दिसला नाही ना तुला?"

राजरत्नचा हात थांबला. "लाइट्समध्ये गेला."

"लाइटमध्ये नव्हता गेला. तुझे पाय आधी निघतात. काल निघालेच नाहीत."

राजरत्नने बूट खाली ठेवला. मग म्हणाला, "संध्याकाळी नाही दिसत. डाव्या डोळ्याने. उजव्याने दिसतो, पण किती लांब आहे ते कळत नाही. दिवसा ओके असतं."

"कधीपासून?"

"लास्ट इयर थोडंसं. यावर्षी जास्त."

"कोणाला सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही."

दीपाने गॅस बंद केला. योगेश खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला. "राजा, तू ओरडला की तो झाव्हिए थांबते. तो तुझ्या भरवशावर थांबते. काल तू चुकून त्याच्या अंगावर गेला असता तर?"

"बाबा, आज फायनल आहे!" राजरत्नचा आवाज चढला. "आय हॅव वन गेम लेफ्ट. मला माहीत आहे हा लास्ट सीझन आहे. तुम्ही मला आज हे का सांगता?"

"मी काहीच सांगून नाही राहिलो. तू मोठा आहेस."

राजरत्न उठून बाहेर गेला. आम्ही तिघांनी गार पोहे खाल्ले. दीपा योगेशवर चिडली होती. "आजचा दिवस गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली.  योगेशच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो खिडकीकडे तोंड करून चहा पीत होता.

राजरत्न तिथून सरळ स्टेडियमवर गेला होता. हे त्याने मला नंतर सांगितलं. मॅनेजर पास्काल, साठीचा, पोट सुटलेला गावकरी माणूस, मैदानाला पाणी मारत होता. राजरत्नने त्याला सगळं सांगितलं. पास्कालने पाइप खाली ठेवला आणि विचारलं, "आज दोन वाजता सामना आहे. उन्हात दिसतं?"

"उन्हात दिसतं. पण चार वाजता स्टँडची सावली बॅटरवर येते. मग बॉल सावलीतून उन्हात येतो. तेव्हा नाही दिसत."

"मग सावली येईपर्यंत खेळ," पास्काल म्हणाला. "केव्हा बाहेर यायचं ते तू ठरव. मी विचारणार नाही."

बेसबॉलमध्ये एकदा बाहेर आलेला खेळाडू त्या सामन्यात परत जात नाही. राजरत्नला हे अर्थातच ठाऊक होतं.

ती दुपार स्वच्छ उन्हाची होती. स्टेडियममध्ये उभं राहायला जागा नव्हती. दुसऱ्या इनिंगमध्ये राजरत्नने त्या खाली वळणाऱ्या बॉललाच मारलं आणि तो डावीकडच्या कुंपणाला जाऊन आदळला. दोन रन आल्या. चौथ्या इनिंगमध्ये एक बॉल त्याच्या डोक्यावरून जात होता. तो पाठ करून पळाला, पळता पळता एकदाच मान वर केली आणि कुंपणाला टेकून त्याने तो झेलला. स्टँडमधल्या बायका सुया टाकून उभ्या राहिल्या. योगेश माझा दंड इतका घट्ट धरून होता, की नंतर दोन दिवस तो दुखत होता.

सहाव्या इनिंगच्या सुरुवातीला सावली बॅटरच्या पायांपर्यंत आली. हेरॉन एका रनने पुढे होते. पहिला बॉल पडला. राजरत्नने हात वर केला, अंपायरला थांबायची खूण केली आणि तो मैदानातून चालत निघाला. आधी झाव्हिएकडे गेला. दोघं काहीतरी बोलले. झाव्हिएने त्याला जवळ घेतलं. मग राजरत्न डोकं खाली घालून पास्कालकडे आला.

लोकांना काही कळेना. दुखापत दिसत नव्हती, लंगडत नव्हता. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली, कुणीतरी फ्रेंचमध्ये ओरडलं, "पळपुटा!" दीपाला ते कळलं. ती वळून त्या माणसाकडे बघत राहिली, तो नजर खाली घालेपर्यंत.

हेरॉन हरले. आठव्या इनिंगमध्ये त्यांच्या पिचरला दोन मोठे फटके बसले, दोन्ही कुंपणाबाहेर, ज्यांचं कुठलाच आउटफिल्डर काही करू शकला नसता. पण गावात लोक बोलायला लागले, की मेश थांबला असता तर वेगळं झालं असतं. सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये राजरत्नने सगळ्यांसमोर डोळ्याचं सांगितलं. एका पिचरने विचारलं, की वर्षभर का लपवलंस.  त्या मुलाने त्याच्याशी हात मिळवला नाही, आणि आजतागायत बोललाही नाही. मंगळवारी पास्कालने गावच्या रेडिओवर जाऊन खरं काय झालं ते सांगितलं. त्याच आठवड्यात त्या विणणाऱ्या बायकांनी राजरत्नला एक पांढरा-निळा स्वेटर पाठवला. तो त्याला थोडा तोकडा होता.

असं त्याचं खेळणं संपलं. सगळ्यात वरच्या लीगमध्ये तो एक दिवसही खेळला नाही.

नंतरचे काही महिने वाईट गेले. संध्याकाळ झाली की त्याला घरात बसवेना. बापावर राग होता. तो तसं बोलला नाही, पण योगेश खोलीत आला की हा उठून जायचा. जानेवारीत त्याने कॉलेजला स्वतःच अप्लाय केलं. राहिलेले विषय मॉन्ट्रियलमध्ये घेता येत होते. वर्गातली मुलं त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तो टेबलावर पुस्तकं पसरून बसला होता. योगेश जवळून जाताना थांबला.

"हे काय रे, रेटिना?"

"हो. आय चॅप्टर." मग राजरत्न म्हणाला, "बसा ना. माझ्या डोळ्यात काय झालं ते दाखवतो."

योगेश बसला. पोराने आकृती काढून बापाला डोळा समजावला. दीपा म्हणते, तेव्हापासून दोघं परत नीट बोलायला लागले.

आता तो एकतीस वर्षांचा आहे. लाँगोईच्या एका क्लिनिकमध्ये दुखापत झालेल्या खेळाडूंना परत उभं करायचं काम करतो. संध्याकाळी गाडी चालवत नाही, मेट्रोने येतो-जातो. गेल्या वर्षी पास्कालने त्याला बोलावलं आणि शनिवार-रविवारी तो हेरॉनच्या आउटफिल्डर्सना शिकवायला जातो. त्याच्या आग्रहावरून आता प्रत्येक नव्या खेळाडूचे डोळे संध्याकाळच्या उजेडात, मैदानावरच तपासले जातात. या मे महिन्यात एक मुलगा त्यात नापास झाला. एकोणीस वर्षांचा, न्यू ब्रन्सविकचा, रडायलाच लागला. राजरत्न त्याला घेऊन दीड तास गाडीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला, दुपारच्या उजेडात. निघाला नुसता चष्म्याचा नंबर. लेन्स लावून तो मुलगा सध्या डाव्या बाजूला खेळतोय, आणि राजरत्न म्हणतो, हात चांगला आहे त्याचा, फक्त ओरडत नाही मोठ्याने.